आदेश झाला, करार राहिला

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहणारे मराठी दांपत्य आहोत. फॉस्टर केअरमधून (पालकांपासून दूर केलेल्या मुलांची सरकारने दुसऱ्या कुटुंबात केलेली तात्पुरती सोय) आमच्या घरी आलेल्या मुलाला मार्च 2025 मध्ये न्यायालयाच्या अंतिम आदेशाने आम्ही दत्तक घेतले. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ‘तुमच्या उत्पन्नात तुम्हाला दत्तक साहाय्य मिळणार नाही’ असे केसवर्करने (राज्याच्या बालकल्याण खात्यातल्या कर्मचारीने) सांगितल्यामुळे आम्ही अर्जच केला नाही. आता त्याला स्पीच थेरपी आणि मानसोपचार यांची गरज आहे व खर्च झेपत नाही. आता साहाय्य मागता येईल का?

उत्तर: अशी पत्रे मला इतकी येतात की फक्त मुलाचे वय आणि राज्याचे नाव बदलावे. त्यामुळे दत्तक साहाय्य म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी दत्तक पालकांना सरकारकडून मिळणारी मासिक रक्कम आणि उपचारांची सोय, यापलीकडे योजनेची प्राथमिक माहिती पुन्हा देत नाही. तुमचे सगळे प्रकरण एकाच अटीवर अडले आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या टायटल फोर-ई या भागाखाली मिळणाऱ्या या साहाय्याचा खात्याशी करार दत्तकाच्या अंतिम आदेशाच्या वेळी किंवा त्याआधी सह्या होऊन अमलात आलेला असावा लागतो. तुमच्याकडे आदेश आहे, करार नाही. म्हणून सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि खात्यातला कोणताही कारकून तुम्हाला तेच देईल.

मात्र तुमच्या पत्रातले एक वाक्य या उत्तराला छेद देते आणि तुम्ही ते जाता जाता लिहून टाकले आहे. दत्तक साहाय्याची पात्रता मुलाची तपासली जाते; पालकांच्या उत्पन्नाची चाळणी तिथे लावताच येत नाही. रक्कम ठरवताना कुटुंबाची परिस्थिती विचारात घेता येते, पण उत्पन्न जास्त म्हणून दारातूनच परत पाठवणे नियमाला धरून नाही. उत्पन्नाच्या निकषावर साहाय्य नाकारले गेले असेल, अथवा अशी सोय आहे हेच पालकांना सांगितले नसेल, तर आदेशानंतरही फेअर हिअरिंग (खात्याच्या निर्णयाविरुद्धची सुनावणी) मागता येते आणि तिथे ही चूक सिद्ध झाली तर करार करता येतो, अशी केंद्र सरकारची भूमिका 2001 पासून स्पष्ट आहे.

अडचण पुराव्याची आहे. सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे, आणि तुमच्या पत्रात केसवर्कर ‘म्हणाली’ याखेरीज काही नाही. दोन गाड्यांचा विमा घेताना अटींचे प्रत्येक पान वाचणारी सुशिक्षित माणसे मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत चालू राहू शकणारा हक्क फोनवरच्या एका वाक्यावर सोडून देतात, याचे मला अजूनही नवल वाटते. (‘सरकारचे पैसे कशाला घ्यायचे’ हा संकोचही अनेकदा त्यामागे असतो, तो पैसा मुलाचा आहे, तुमचा नव्हे.) त्या काळातले ईमेल, मोबाइलवरचे संदेश, प्रशिक्षणात मिळालेली कागदपत्रे आणि दत्तकापूर्वी सही केलेले सर्व फॉर्म शोधा. एखाद्या फॉर्मवर ‘साहाय्य नको’ अशा चौकटीत खूण केली असेल, तर ती लपवू नका. ती कोणत्या माहितीवर केली, हाच तर वादाचा मुद्दा आहे.

आता करायचे एवढेच की, साहाय्यासाठी लेखी अर्ज आजच द्यावा आणि उत्तर लेखीच मागावे. उत्तर बहुधा नकाराचे येईल आणि तेच तुम्हाला हवे आहे, कारण सुनावणी मागण्याची मुदत त्या नोटिशीपासून मोजली जाते. ही मुदत जास्तीत जास्त 90 दिवसांची असते आणि काही राज्यांत त्याहून कमी असते, म्हणून नोटिशीवर छापलेली तारीखच प्रमाण माना. एखादा सहानुभूतिशील पर्यवेक्षक ‘थांबा, मी आतून बघतो’ असे म्हणेल. त्याच्यासाठी थांबू नका. खात्याला चूक मान्य असली तरी आदेशानंतरचा करार खाते स्वतःहून करू शकत नाही. वाद नसेल तर केवळ कागदपत्रांवर निर्णय होऊ शकतो, पण तोही सुनावणी अधिकाऱ्याकडूनच. सुनावणी मागितल्यापासून 90 दिवसांत निर्णय व्हावा असे नियम सांगतो. तारखा पुढे ढकलण्याची खात्यांची हौस पाहता त्या आकड्यावर घरखर्चाचे गणित बसवू नये.

अर्जासोबत मुलाच्या संपूर्ण फाइलची प्रत मागा. गर्भात असताना मादक पदार्थांशी आलेला संपर्क, आधीची निदाने किंवा आधीच्या घरांतून झालेली पाठवणी यांची माहिती खात्याकडे होती आणि तुमच्यापासून लपली, असे निघाले, तर तो सुनावणीचा स्वतंत्र आधार आहे. तसे काही आहे की नाही, हे फाइल पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

सुनावणी जिंकली तरी मूल आदेशाच्या वेळी ‘विशेष गरजा’ असलेले होते, हे दाखवावेच लागेल. या शब्दांत केवळ अपंगत्व येत नाही. वय, भावंडांचा गट, वांशिक पार्श्वभूमी हेही त्यात येतात, पण पाच वर्षांचे वय पुरेसे आहे का, हे तुमच्या राज्याच्या व्याख्येवर अवलंबून आहे. साहाय्य न घेता मुलाला दत्तक घेणारे घर खात्याने आधी शोधून पाहिले होते का, हीही एक अट आहे; तिचे उत्तर तुलनेने सोपे जावे, कारण फॉस्टर पालकांशी जुळलेले दृढ भावनिक नाते हा त्या अटीला मान्य अपवाद आहे. मासिक रक्कम वाटाघाटीने ठरते आणि मूल फॉस्टर घरात असते तर जेवढे मिळाले असते, त्यापेक्षा ती जास्त नसते. मागील महिन्यांची थकबाकी मिळेल का, याबद्दल आश्वासन देत नाही. मागणी मात्र अर्जात नोंदवा. साहाय्याच्या मासिक पैशापेक्षा मला मेडिकेड (सरकारी आरोग्यविमा) महत्त्वाचे वाटते, कारण टायटल फोर-ईचा करार अमलात असेल तर दरमहा रक्कम शून्य असली तरी ते मिळते, आणि तुमच्या मुलाचा खर्च उपचारांचाच आहे.

करसवलतीचा विषय वेगळा आहे आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा खरोखरच आहे. केसवर्करने बहुधा दोन्हींची गल्लत केली. 2025 साठी दत्तकाची कमाल सवलत 17,280 डॉलर आहे आणि त्यातले 5,000 डॉलरपर्यंत कर नसला तरी परत मिळू शकतात. विशेष गरजा असल्याचा राज्याचा निर्णय असेल, तर प्रत्यक्ष खर्च कमी झाला असला तरी पूर्ण सवलत मागता येते. म्हणजे वरच्या सुनावणीचा निकाल इथेही उपयोगी पडेल. 2025 चे विवरणपत्र ही सवलत न मागता भरले असेल, तर ते दुरुस्त करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, त्यामुळे आज त्यासाठी धावपळ नको. वकील व न्यायालयाच्या एकवेळच्या खर्चाची भरपाई मात्र आदेशापासून दोन वर्षांत मागावी लागते आणि तिलाही आदेशापूर्वीच्या कराराचीच अट आहे. म्हणून ती मागणी याच अर्जात घाला आणि मार्च 2027 ही सीमा लक्षात ठेवा.