प्रश्न तुमचे: वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म

आंब्याच्या पेट्या विकायच्या असोत की समुद्राजवळच्या खोल्या भाड्याने द्यायच्या असोत, कोकणातल्या छोट्या व्यावसायिकाच्या वेबसाइटवर ‘संपर्क’ हे पान असतेच. या वेळची बरीच पत्रे त्याच पानाबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. फॉर्म पीएचपीवर (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेवर) चालतो असे धरून उत्तरे दिली आहेत, कारण स्वस्त होस्टिंगवर बहुधा तेच असते.

गुहागर: आमची निवास-न्याहारीची सोय आहे. फॉर्म भरला की निरोप माझ्या जीमेलवर यायला हवा. काही येतात, काही स्पॅममध्ये सापडतात, काही येतच नाहीत. पडद्यावर मात्र प्रत्येकाला ‘धन्यवाद’ दिसते. होस्टिंगवाले म्हणतात, आमच्याकडून मेल गेला.

उत्तर: होस्टिंगवाले खोटे बोलत नसावेत. पीएचपीचे साधे मेल फंक्शन ‘झाले’ म्हणते, तेव्हा मेल फक्त त्यांच्या सर्व्हरच्या रांगेत पडलेला असतो. पुढे तो पोहोचला की नाही, हे त्या फंक्शनला कळत नाही.

फॉर्मची फाइल उघडा आणि ‘फ्रॉम’ या ओळीत काय आहे ते पाहा. तिथे पाहुण्याने भरलेला पत्ता जात असेल तर दुखणे सापडले. पत्ता जीमेलचा किंवा याहूचा, आणि मेल निघतोय तुमच्या होस्टिंगवरून. घेणाऱ्याच्या लेखी हा तोतया. याहूने २०१४ सालीच आपल्या पत्त्यांसाठी असे मेल नाकारायचे धोरण लावले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचे पाठवणाऱ्यांसाठीचे नियमही कडक झाले आणि जीमेलच्या पत्त्याचे सोंग घेऊ नका, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणून ‘फ्रॉम’मध्ये कायम स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि पाहुण्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घाला. तुम्ही ‘उत्तर द्या’ दाबले की मेल पाहुण्यालाच जाईल.

मग डोमेनच्या डीएनएस नोंदी, म्हणजे डोमेनची इंटरनेटवरची जाहीर माहिती, बघा. एसपीएफची नोंद, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी, एकच हवी. मेल एका कंपनीकडे, वेबसाइट दुसरीकडे असली की दोघांच्या सांगण्यावरून दोन नोंदी पडतात, आणि दोन नोंदी म्हणजे तपासणी थेट नापास. दोन्हीतले ‘इन्क्लूड’ (दुसऱ्या कंपनीची यादी जोडणारे भाग) एकाच ओळीत आणा. ‘इन्क्लूड’सारख्या भागांमुळे करावे लागणारे डीएनएसमधले शोध एकूण दहाच्या वर गेले तरीही ती नोंद बाद होते. डीकिमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ या पानावर मिळते. डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी जिथे राहतात ते सर्व्हर, दुसरीकडे असतील तर सीपॅनेलमधले ‘दुरुस्त करा’ बटण दाबून काही होत नाही. ती नोंद उचलून नेमसर्व्हर जिथे आहेत तिथे घालावी लागते. डीमार्क, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद, सुरुवातीला ‘नन’वर (काहीच करू नका) ठेवा आणि काही आठवडे सगळे मेल पास होताना दिसले की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) करा.

मेल फंक्शनऐवजी पीएचपीमेलर (मेल पाठवायचा तयार कोड) वापरून एसएमटीपीने (मेल सर्व्हरकडे मेल सोपवायच्या ठरलेल्या पद्धतीने), पोर्ट ५८७ वरून, लॉगिन करून पाठवा. काही बिघडले तर निदान त्रुटीचा संदेश हातात येतो. जीमेलच्या खात्यातूनच पाठवणार असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो आणि तेव्हा ‘फ्रॉम’मध्येही त्याच खात्याचा पत्ता हवा. पासवर्डची फाइल पब्लिक एचटीएमएल या वेबसाइटच्या जाहीर फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर ठेवा.

झाल्यावर स्वतः फॉर्म भरा, आलेला मेल जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबांच्या मेनूतून ‘मूळ दाखवा’ निवडा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसले पाहिजे.

आणि हे सगळे करूनही मेलवर पूर्ण विसंबू नका. निरोप आधी डेटाबेसमध्ये लिहा, मग मेल पाठवा. चाकरमानी गणपतीच्या खोल्या विचारतात त्या दिवसांत एखादा मेल हरवला तरी निरोप तुमच्याकडे राहतो. तीन महिन्यांहून जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातील असे करून ठेवा.

दापोली: माझ्या वेबसाइटवरून हजारो मेल गेले म्हणून होस्टिंगने खाते बंद केले. पासवर्ड कोणाला दिलेला नाही. फॉर्म साधा आहे: नाव, ईमेल, निरोप. भरणाऱ्याला ‘तुमचा निरोप मिळाला’ अशी पोच आपोआप जाते.

उत्तर: पासवर्ड लागलाच नसेल. अशा वेळी तीन दारे तपासायची.

पहिली संशयित ती पोचच. बॉट (आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम) ईमेलच्या चौकटीत भलत्याच माणसाचा पत्ता टाकतो आणि नावाच्या चौकटीत ‘बक्षीस लागले, इथे दाबा’ असे लिंकसकट लिहितो. तुमचा फॉर्म इमानेइतबारे त्या माणसाला ‘नमस्कार, बक्षीस लागले, इथे दाबा’ असा मेल तुमच्या डोमेनच्या नावाने पाठवतो. पोच बंद करा; आभार पानावरच दाखवा. पोच हवीच असेल तर तिचा मजकूर ठरलेला ठेवा. भरणाऱ्याने लिहिलेले एक अक्षरही, अगदी नावसुद्धा, त्यात जाता कामा नये.

दुसरे दार हेडरचे. मेलच्या वरच्या भागात प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ओळीवर असते: कोणाकडून, कोणाला, विषय. कोडमध्ये नाव किंवा ईमेल थेट त्या भागात चिकटवले असेल, तर बॉट चौकटीत ओळ तोडणारे चिन्ह पाठवून पुढच्या ओळीवर ‘बीसीसी’ (गुप्त प्रत) आणि शेकडो पत्ते लिहितो. चौकट पानावर एका ओळीची दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. बॉट पान उघडतच नाही, सर्व्हरला थेट मजकूर पाठवतो. म्हणूनच ब्राउझरमधली ‘हे भरणे आवश्यक’ ही तपासणी भरणाऱ्याच्या सोयीपुरती. खरी तपासणी सर्व्हरवर पुन्हा करायची: ईमेल पीएचपीच्या फिल्टर-व्हॅलिडेट-ईमेल या तपासणीतून पार करा आणि नाव, ईमेल किंवा विषयात ओळ तोडणारे चिन्ह दिसले तर तो निरोप सरळ नाकारा.

तिसरे, निरोप कोणाला जायचा तो पत्ता पानातल्या लपवलेल्या चौकटीत असेल तर तो कोणीही बदलू शकतो. पत्ता सर्व्हरवरच्या कोडमध्येच हवा.

आधीच पीएचपीमेलर वापरत असाल तर त्याची आवृत्ती बघा. ५.२.१८ च्या आधीच्या आवृत्त्यांत पाठवणाऱ्याच्या पत्त्यातून सर्व्हरवर हुकूम चालवता येईल असे भोक होते. ते डिसेंबर २०१६ मध्ये उघड झाले आणि पहिली डागडुजी अपुरी पडल्याने ५.२.२० काढावी लागली. कोणीतरी २०१५ मध्ये बनवून दिलेल्या आणि नंतर हात न लावलेल्या वेबसाइटवर ते अजून असू शकते. डागडुजी करू नका, सध्याची आवृत्ती घाला. खाते पुन्हा चालू करायला सांगण्याआधी हे सगळे उरका, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते परत बंद होईल.

देवगड: हापूसची ऑर्डर फॉर्मवर घेतो. रोज ढीगभर कचरा निरोप येतात. कॅप्चा लावला, तरी येतात. उलट काही गिऱ्हाइके म्हणतात की फॉर्म त्यांचे नावच घेत नाही.

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कॅप्चाची, म्हणजे ‘मी बॉट नाही’ या परीक्षेची, चौकट पानावर दिसते, पण तिने दिलेले टोकन (पास झाल्याची खूण) सर्व्हरवर तपासलेच जात नाही, हा प्रकार सर्रास दिसतो. फॉर्मच्या पीएचपी फाइलमध्ये ते टोकन गूगलकडे किंवा क्लाउडफ्लेअरकडे पाठवून होकार घेणारी ओळ आहे का ते शोधा. नसेल तर तुमचा कॅप्चा शोभेचा आहे. असेल तर त्याची मुदत लक्षात घ्या: गूगलच्या रीकॅप्चाचे टोकन दोन मिनिटे टिकते, क्लाउडफ्लेअरच्या टर्नस्टाइलचे पाच. पेट्या, पत्ता, पिनकोड लिहीत बसलेल्या गिऱ्हाइकाचे टोकन तेवढ्यात शिळे होते. म्हणून टोकन पान उघडताना घेऊ नका, ‘पाठवा’ दाबल्यावर घ्या.

छोट्या वेबसाइटला मी कॅप्चाआधी दोन बिनखर्ची उपाय सुचवीन. एक, आमिषाची चौकट: माणसाला न दिसणारी, बॉट मात्र हमखास भरतो अशी. ती सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) पडद्याबाहेर सरकवा, टॅब कळीने तिथे जाता येऊ नये म्हणून टॅबइंडेक्स उणे एक द्या, ऑटोकम्प्लीट बंद ठेवा आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी एरिया-हिडन लावा. तिचे नाव ‘फोन’ किंवा ‘वेबसाइट’ ठेवू नका, कारण ब्राउझर जतन केलेली माहिती आपणहून तिथे भरतो आणि खरे गिऱ्हाईक बॉट ठरते. काहीतरी निरर्थक नाव द्या. दुसरा उपाय वेळेचा: पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेला फॉर्म माणसाचा नव्हे. उघडल्याची वेळ मात्र सर्व्हरच्या गुप्त किल्लीने सही करून पानात ठेवा, नाहीतर बॉट ती बदलेल. आणि पाने साठवून ठेवणाऱ्या कॅश प्लगइनमधून हे पान वगळा. साठवलेले पान दाखवले गेले की सगळ्यांनाच कालची वेळ मिळते.

एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून) तासाला दोनच निरोप, अशी मर्यादा घालू नका. मोबाइल कंपन्या एका आयपी पत्त्यामागे बरीच गिऱ्हाइके ठेवतात. पाडव्याच्या सुमारास पुण्यामुंबईहून येणाऱ्या ऑर्डरी त्यात अडकतील. तासाला वीस ठेवा. संशयास्पद निरोप टाकूनही देऊ नका, वेगळ्या यादीत जमा करा आणि हंगामात दिवसातून एकदा नजर टाका.

आता नावाचे. कोडमध्ये ‘नावात फक्त ए ते झेड’ अशी अट असेल तर मराठीत नाव लिहिणारा प्रत्येक जण नापास. कोणी ती सुधारून ‘कोणत्याही भाषेतले अक्षर’ करतो, तरी नाव अडतेच. कारण युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही अक्षरे नाहीत, त्यांचा गट निराळा आहे. लांबीचीही गोची आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. ‘लक्ष्मीकांत’ या नावात चिन्हे अकरा, बाइट तेहतीस. पीएचपीचे लांबी मोजणारे स्ट्रलेन फंक्शन बाइट मोजते, त्यामुळे तीस अक्षरांच्या मर्यादेत हे नाव बसत नाही. चिन्हे मोजणारे एमबी-स्ट्रलेन वापरा. नावाला मर्यादा शंभरची आणि ओळ तोडणारी किंवा तत्सम नियंत्रण चिन्हे नकोत, एवढ्याच अटी पुरे. मोबाइल नंबर कोणी देवनागरी आकड्यांत लिहिला तर तो नाकारू नका, आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या आणि मग दहा आकडे मोजा.

मालवण: खोली आरक्षित करताना फॉर्मवरच आधारचा फोटो मागावा म्हणतो. सुरक्षित कसे करू?

उत्तर: मागू नका. संपर्काच्या फॉर्मवर ओळखपत्र म्हणजे गरज पडायच्या आधीच अंगावर घेतलेली जबाबदारी. तो फोटो सर्व्हरवर राहतो, तुमच्या मेलमध्ये राहतो, मेल ज्या ज्या फोनवर उघडतो तिथेही राहतो. फॉर्मवर नाव, नंबर, तारखा, माणसे किती, एवढे पुरते. ओळखपत्र पाहुणा दारात आल्यावर बघा. प्रत ठेवायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: कामापुरतीच माहिती घ्या, कशासाठी ते सांगा, काम झाले की पुसा. फॉर्मखाली तशी दोन ओळींची सूचना मराठीत लिहा.

दुसऱ्या कशासाठी फाइल घेणार असाल तर एक खोच माहीत असू द्या. पीएचपीत एका फाइलची मूळ मर्यादा दोन एमबी आणि सगळ्या फॉर्मची आठ. फोनचे दोन-तीन फोटो मिळून आठच्या वर गेले की सर्व्हरला फाइल तर नाहीच, बाकीचा फॉर्मही रिकामा मिळतो आणि ‘नाव भरा’ अशी भलतीच तक्रार पडद्यावर येते.

राजापूर: एकच निरोप तीन-तीनदा येतो.

उत्तर: रेंज गेली की माणूस बटण पुन्हा दाबतो, किंवा पान ताजे करतो. फॉर्म स्वीकारल्यावर त्याच पानावर आभार छापू नका. ३०३ हा ब्राउझरला दुसरे पान उघडायला सांगणारा संकेत देऊन वेगळ्या आभाराच्या पानावर पाठवा, म्हणजे ताजे केले तरी फक्त आभारच पुन्हा दिसतात. शिवाय प्रत्येक फॉर्मला एकदाच चालणारे टोकन द्या. दुसऱ्यांदा तेच टोकन आले तर निरोप साठवू नका, पण पाठवणाऱ्याला आभाराचेच पान दाखवा. दाबल्यावर बटण बंद करत असाल तर पाठवणे फसल्यावर ते परत चालू होते ना, हे फोन विमान मोडवर टाकून तपासा.

वेंगुर्ले: माझी वेबसाइट गिटहब पेजेसवर आहे, नुसती एचटीएमएल. फॉर्म बसेल का?

उत्तर: गिटहब पेजेस ही नुसती तयार पाने दाखवणारी सेवा आहे. तिथे पीएचपी चालत नाही, त्यामुळे फॉर्म त्रयस्थ सेवेकडे पाठवावा लागेल, आणि निरोप त्यांच्या सर्व्हरवरून जातील हे मान्य करावे लागेल. जावास्क्रिप्टमध्ये मेल सेवेची गुप्त किल्ली लिहून मार्ग काढायला जाऊ नका. पानाचा सोर्स कोणीही उघडून ती वाचतो. महिन्याला चार निरोप येत असतील तर फॉर्मचा हट्ट सोडा. ईमेल पत्ता सरळ लिहा, शेजारी व्हॉट्सॲपची लिंक द्या, आणि त्या लिंकला घरचा नंबर न देता व्यवसायासाठी घेतलेले वेगळे सिम वापरा.