वाचकांचे प्रश्न : धर्मराजांच्या खोट्याचा हिशेब

ग्रंथांतल्या पूज्य व्यक्तींनी केलेलं कपट क्षम्य मानायचं का, या विषयावर बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : युधिष्ठिराने द्रोणाचार्यांना खोटं सांगितलं ते श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून. खुद्द भगवंतांनी सांगितल्यावर त्यात पाप कसलं, असं एका प्रवचनात ऐकलं. महाभारत खरोखर असं म्हणतं का?

उत्तर : नाही. द्रोणपर्वातला तो भाग सलग वाचला की हा समज टिकत नाही. युद्धाचा पंधरावा दिवस आहे. द्रोण सेनापती होऊन पाच दिवस झालेत आणि पांडवांची फौज कापली जाते आहे. मुलगा मेल्याचं कोणीतरी सांगितलं तरच हे हत्यार खाली ठेवतील, असं कृष्ण सुचवतो. इथे प्रत्येकाची प्रतिक्रिया वेगळी नोंदवली आहे. अर्जुनाला हे पसंत पडत नाही, बाकीच्यांना पटतं आणि युधिष्ठिर मोठ्या कष्टाने तयार होतो. मग भीम मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि द्रोणांपुढे जाऊन ओरडतो. द्रोणांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. ते युधिष्ठिरालाच विचारतात, कारण तिन्ही लोकांचं राज्य मिळालं तरी हा खोटं बोलणार नाही, अशी त्यांची खात्री आहे. या कपटाचं सगळं भांडवल म्हणजे युधिष्ठिराचा आयुष्यभराचा खरेपणा. भीमाच्या खोट्याला काडीची किंमत आली नाही, ती युधिष्ठिराच्या खोट्याला आली.

कृष्णाने त्या वेळी दिलेलं कारणही बघा. ‘मी सांगतो म्हणून बोल’ असं तो म्हणत नाही. द्रोण आणखी अर्धा दिवस लढले तर तुझं सैन्य उरणार नाही, आणि जीव वाचवण्यासाठी बोललेल्या असत्याचा दोष लागत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो युक्तिवाद आहे, म्हणून तो तपासता येतो. आणि पुढे महाभारतच तो तपासतं.

युधिष्ठिर ‘अश्वत्थामा मारला गेला’ हे मोठ्याने म्हणतो आणि हत्तीचा उल्लेख अस्पष्ट पुटपुटतो. (‘नरो वा कुंजरो वा’ ही ओळ आणि कृष्णाने त्याच क्षणी शंख फुंकणं हे नंतरच्या कथनातून आपल्या कानावर आलं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखितं ताडून १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते नाही.) तोवर जमिनीच्या चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकतो. द्रोण लगेच शस्त्र टाकतात असंही नाही. ते खचलेल्या मनाने लढत राहतात, नंतर शस्त्र ठेवून योगात बसतात. त्यांना जिवंत आणा, मारू नका, असं अर्जुन ओरडत असताना धृष्टद्युम्न त्यांचं मस्तक उडवतो. नंतर अर्जुन थोरल्या भावाला तोंडावर बोल लावतो : गुरूंनी तुमच्यावर विश्वास ठेवला आणि तुम्ही राज्यासाठी खोटं बोललात.

याची फळं पुढेही भोगावी लागतात. झोपलेल्या छावणीत कत्तल करायला निघालेल्या अश्वत्थाम्याला कृपाचार्य अडवतात, तेव्हा तो म्हणतो की धर्माचा बांध पांडवांनीच आधी शंभर ठिकाणी फोडला आहे. त्याचं कृत्य घोरच, पण त्याच्या हाती हे कारण कोणी दिलं? आणि अगदी शेवटी, स्वर्गारोहणपर्वात, युधिष्ठिराला नरक दाखवून इंद्र सांगतो :

व्याजेन हि त्वया द्रोण उपचीर्णः सुतं प्रति ।
व्याजेनैव ततो राजन् दर्शितो नरकस्तव ॥

मुलाबद्दल कपट करून तू द्रोणांना फसवलंस, म्हणून कपटानेच तुला नरक दाखवला. कृष्णाने सांगितलं होतं ही सबब तिथे कोणी मांडत नाही, युधिष्ठिर स्वतःही नाही. आमच्या मते महाभारताचा निवाडा इथे आहे : संकटात खोटं बोलायची मुभा मिळू शकते, पण तेवढ्याने खातं कोरं होत नाही.

प्रश्न : सत्यव्रती कौशिकाची गोष्ट याच्या उलट नाही का? तो खरं बोलला म्हणून नरकात गेला.

उत्तर : उलट वाटते, पण दोन्ही एकत्रच वाचायला हव्यात. कर्णपर्वात ‘गांडीव दुसऱ्याला दे’ म्हणणाऱ्याला ठार मारीन या आपल्या प्रतिज्ञेपायी अर्जुन युधिष्ठिरावरच तलवार उपसतो, तेव्हा त्याला आवरायला कृष्ण ही गोष्ट सांगतो. कौशिक तपस्वी, नद्यांच्या संगमाजवळ राहणारा, नेहमी खरं बोलायचं व्रत घेतलेला. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात शिरतात. मागून आलेले दरोडेखोर विचारतात आणि कौशिक झाडावेलींनी भरलेलं ते रान बोटाने दाखवल्यासारखं सांगून टाकतो. माणसं मारली जातात.

कौशिकाने काय करायला हवं होतं याचा क्रमही कृष्ण देतो. आधी गप्प राहा. न बोलल्याने सुटका होत असेल तर बोलूच नका. गप्प राहण्यानेच संशय येणार असेल, बोलणं भागच असेल, तर तिथे सत्यापेक्षा असत्य बरं. हाच क्रम शांतिपर्वात भीष्मही सांगतात. खोट्याचा नंबर मौनानंतर लागतो, हे लोक विसरतात. सोयीचं खोटं बोलणाऱ्याला विचारून पाहा की गप्प बसून भागलं नसतं का. दहांतल्या नऊ वेळा भागलं असतं.

मनुस्मृती यात एक पाऊल पुढे जाते आणि आमच्या लेखी ते फार मोलाचं आहे. आठव्या अध्यायाच्या १०४व्या श्लोकात म्हटलंय की खऱ्या साक्षीमुळे कुणाचा वध होणार असेल तिथे खोटी साक्ष द्यावी, ते सत्याहून श्रेष्ठ आहे. आणि लगेच १०५व्या श्लोकात त्याच माणसाला वाणीची देवता सरस्वती हिला चरू (शिजवलेल्या अन्नाची आहुती) अर्पून त्या असत्याच्या पापाचं प्रायश्चित्त करायला सांगितलंय. याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच विधी आहे. जीव वाचवणारं खोटं श्रेष्ठ म्हटलं, आणि तरीही त्याचं प्रायश्चित्त ठेवलं! लोकमान्य टिळकांनी १९१५च्या ‘गीतारहस्या’त, कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात, हा विचार सविस्तर मांडला आहे. खुनी दारात येऊन विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये लिहिलं. कौशिक अगदी तसाच वागला. आपल्या स्मृतिकारांना ते मान्य नाही, पण जीव वाचवणारं खोटं फुकट सोडायलाही ते तयार नाहीत.

प्रश्न : ‘पाच प्रसंगी असत्य बोललेलं पाप नाही’ असा श्लोक आहे म्हणतात. त्यात विवाहही येतो. स्थळ बघताना वय, आजार, आधीचं मोडलेलं लग्न लपवणारे हाच श्लोक पुढे करतात.

उत्तर : श्लोक आहे. पण तो कोण कोणाला, कशासाठी सांगतंय हे आधी बघायचं. आदिपर्वात तो शर्मिष्ठेच्या तोंडी आहे. ययातीने सासऱ्यांना, शुक्राचार्यांना, शब्द दिलाय की शर्मिष्ठेला शय्येवर बोलावणार नाही. तो शब्द मोडायला त्याला राजी करताना ती हा श्लोक म्हणते. राजाच लोकांना प्रमाण असतो, तो खोटं बोलला तर नाश पावतो, असं ययाती आधी म्हणतो, मग वळतो. परिणाम म्हणजे शुक्राचार्यांचा शाप आणि अकाली म्हातारपण. ज्याने या श्लोकाचा आधार घेतला त्याचं पुढे काय झालं, ते याच कथेत पुढच्या पानांवर आहे.

भागवताच्या आठव्या स्कंधात अशीच यादी शुक्राचार्य बळीला ऐकवतात. बळी ती मानत नाही आणि भागवत बळीलाच थोर ठरवतं.

कर्णपर्वात मात्र खुद्द कृष्णाच्या तोंडीही अशी यादी आहे आणि तिच्यात विवाह आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिथे तो सगळा विचार एका कसोटीवर उभा आहे : ज्याने प्रजेचं धारण होतं तो धर्म. आजार लपवून लावलेल्या लग्नात नेमकं कोणाचं धारण होतं? ज्याच्यापासून लपवलं त्याचंच आयुष्य विस्कटतं. ज्याला फसवलं त्यालाच नुकसान सोसावं लागत असेल, तर कृष्णाच्या कसोटीवर ते खोटं नापास आहे, यादीत शब्द असो वा नसो. लग्न जुळवताना हा श्लोक कोणी म्हणायला लागला तर समजा काहीतरी लपवलेलं आहे, आणि सरळ चौकशी करा.

प्रश्न : कर्णाने परशुरामांना ‘मी ब्राह्मण’ असं सांगितलं. जन्मामुळे विद्या नाकारणारा नियमच अन्यायाचा होता, मग त्याला फसवणं चूक कसं?

उत्तर : शांतिपर्वाच्या सुरुवातीला नारद ही कथा सांगतात. द्रोण ब्रह्मास्त्र द्यायला नकार देतात, मग कर्ण महेंद्र पर्वतावर जाऊन आपण भार्गव ब्राह्मण असल्याचं सांगतो. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपलेले असताना किडा मांडी पोखरतो आणि हा हलत नाही, तेव्हा खरं बाहेर येतं. विचारल्यावर कर्ण पुन्हा खोटं बोलत नाही. तो म्हणतो, मी सूत आहे. विद्या देणारा गुरू पिताच असतो, म्हणून तुमचं गोत्र सांगितलं. या उत्तरात लबाडीपेक्षा आर्तता जास्त आहे. परशुरामही शाप देतात (ऐन मरणाच्या वेळी, तुल्यबळाशी लढताना अस्त्र आठवणार नाही), खोटारड्याला इथे जागा नाही म्हणतात, आणि त्याच दमात युद्धात तुझ्या तोडीचा क्षत्रिय पृथ्वीवर नसेल असंही म्हणतात.

आम्हाला यात दोन दोष दिसतात. विश्वास टाकणाऱ्या गुरूपासून ओळख लपवणं हा कर्णाचा. विद्येचं दार जन्म बघून लावून घेणं हा व्यवस्थेचा, आणि तो मोठा. कथा पहिल्याची शिक्षा सांगते, दुसऱ्याची सांगत नाही. ते आजच्या वाचकाने स्पष्ट बोललंच पाहिजे. पण नियम अन्यायाचा होता म्हणून कर्णाचं खोटं खरं होत नाही, फक्त त्याचा भार एकट्या कर्णाच्या माथी मारता येत नाही.

प्रश्न : पवित्र शास्त्रात याकोब बापाला फसवून आशीर्वाद मिळवतो, राहाब हेरांना लपवून खोटं सांगते. दोघांनाही मान मिळतो. हे कसं समजून घ्यावं?

उत्तर : दोन्ही प्रसंग वेगवेगळे ठेवा. याकोब मानेवर आणि हातांवर करडांची कातडी लावून, आंधळ्या झालेल्या बापाला, इसहाकाला, ‘मी एसाव’, म्हणजे थोरला भाऊ, असं सांगतो. आशीर्वाद मिळतो, पण उत्पत्तीचं पुस्तक पुढे एकेक करून परतफेड दाखवतं. त्याला घर सोडून पळावं लागतं. ज्या आईने हे सुचवलं तिची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख कुठेच नाही. मामा लाबान लग्नात धाकट्या राहेलऐवजी थोरली लेआ देतो आणि वर ऐकवतो की थोरलीच्या आधी धाकटी द्यायची आमच्यात रीत नाही. थोरल्याचा हक्क बळकावणाऱ्याला हे उत्तर! आणि म्हातारपणी त्याचेच मुलगे बकऱ्याच्या रक्तात भिजवलेला, त्याच्या लाडक्या मुलाचा, योसेफाचा झगा दाखवून त्याला फसवतात.

राहाब यरीहो शहरात गच्चीवर जवसाच्या काड्यांखाली इस्राएलचे हेर लपवते आणि राजाच्या माणसांना भलत्या वाटेला लावते. मिसरचा राजा फारो याच्या हुकमाविरुद्ध इस्राएली मुलगे जिवंत ठेवणाऱ्या शिप्रा आणि पुवा या सुइणींचंही तसंच. तिथे परतफेडीची शिक्षा नाही, कारण खोटं दुसऱ्याच्या जिवासाठी होतं आणि धोका स्वतःच्या मानेवर घेतला होता. तरी प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांचं म्हणणं असं की देवाने त्यांच्या दयेचं फळ दिलं, खोट्याचं नाही. नव्या करारात राहाबेची स्तुती येते तीही तिच्या विश्वासाची आणि हेरांना आसरा देण्याची. आम्हाला ऑगस्टीन इथे जरा कठोर वाटतात, कारण त्या रात्री दया आणि खोटं वेगळं काढणं राहाबेला शक्यच नव्हतं.

प्रश्न : वामनाने बळीला फसवलं, आणि पांडव वर्षभर खोट्या नावांनी राहिले. ही उदाहरणं एकाच मापाने मोजायची का?

उत्तर : नाही. वामनाची कथा दोन परींनी वाचली जाते. भागवतात शुक्राचार्य बळीला आधीच सांगतात की हा बटू म्हणजे विष्णू आहे, सगळं घेऊन जाईल. बळी ओळखून देतो, त्यामुळे दानाच्या क्षणी तो अंधारात नाही. तरी लहान देहाने तीन पावलं मागून ती विराट देहाने मोजणं सरळ नव्हे, असं दैत्यांनाही तिथे वाटतंच. महात्मा फुले यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त वामनाला परका आक्रमक आणि बळीला इथल्या रयतेचा राजा मानलं. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या लोकांचा कौल कोणाकडे आहे हे वेगळं सांगायला नको. आमचाही कौल बळीकडे.

अज्ञातवास मात्र वेगळा. तेराव्या वर्षी ओळखू न येता राहायचं ही द्यूतातलीच अट होती. कौरवांना माहीत होतं की पांडव लपणार, आणि शोधायची मोकळीक त्यांना होती. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या लपण्याला फसवणूक म्हणता येत नाही. उरतो राजा विराट, ज्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याचं नुकसान झालं नाही, उलट त्याच्या गाई परत आल्या. जे झालं ते लपणाऱ्यांनाच : बृहन्नडेची (वेषांतरातल्या अर्जुनाची) स्तुती सहन न होऊन विराट कंकाच्या, म्हणजे वेषांतरातल्या युधिष्ठिराच्या, तोंडावर फासा फेकून मारतो, नाकातून रक्त येतं, आणि खरी ओळख सांगायची वेळ आलेली नसल्याने युधिष्ठिर ते सोसून राजाला क्षमा करतो.