नवं ट्रॉल जाळं कर्ज काढून घ्यावं का?

प्रश्न : माझी ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत मासेमारी करणारी बोट आहे. जुनं जाळं आता दुरुस्तीच्या पलीकडे चाललंय. विक्रेता बारीक, मजबूत धाग्याचं आणि मासळी साठते त्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस (जाळ्याची भोकं) असलेलं जाळं सुचवतो. डिझेल १५ टक्के वाचेल म्हणतो. साध्या जाळ्याची किंमत १०० धरली तर हे १७० ला पडतं. पूर्ण रकमेचं कर्ज काढावं आणि जाळ्यासाठी साठवलेले १०० मुलीच्या शिक्षणासाठी ठेवीत टाकावेत, असा विचार आहे. भागीदार म्हणतो, बारीक मासळी निसटली तर हप्ता कुठून भरणार? समुद्रात प्लास्टिक कमी जावं असंही वाटतं. भावाच्या बोटीसाठी विरघळणारं (पाण्यात हळूहळू कुजणारं) गिलनेट, म्हणजे मासे कल्ल्यांनी अडकतात ते उभं जाळं, घ्यावं का, हेही सांगा.

उत्तर : तुम्ही रुपयांऐवजी प्रमाणात आकडे दिलेत, ते बरं झालं. मीही तसंच मांडतो. पत्रासोबतच्या तुमच्या यादीप्रमाणे साधं जाळं १००, दोन वर्षं टिकणारं. नवं १७०, तीन वर्षं टिकणारं. वर्षाचं डिझेल ४००, मासळीची विक्री १०००, आणि त्यातली सुमारे ८० बारीक मासळीची.

आधी जाळ्याचे दोन भाग वेगळे करू, कारण विक्रेत्याने ते एकत्र विकायला काढलेत आणि तुमचा गोंधळ तिथेच झालाय. डिझेल वाचतं ते जाळ्याच्या अंगामुळे. धागा बारीक असेल आणि तोंडाकडची आस मोठी असेल तर पाण्याला अडवणारं सूत कमी होतं, ओढ हलकी होते. तोंडाकडे मोठी आस चालते, कारण बरीच मासळी तिथे सुताने अडत नाही, जाळं आणि दोर पाहून आत वळते. मासळी निसटते ती मात्र शेवटच्या पिशवीतून. नेहमीची आस हिऱ्याच्या आकाराची. ओढ बसली आणि पिशवी भरली की ती मिटते. कागदावर आकार कितीही मोठा असला तरी पाण्यात भोक उरत नाही. चौकोनी आस उघडी राहते. म्हणजे बचत अंगातून येणार आणि तोटा पिशवीतून. वहीतही त्यांच्या दोन वेगळ्या ओळी हव्यात.

आता बेरीज. साधं जाळं वर्षाला ५० ला पडतं, नवं ५७ ला, फरक ७. १७० च्या कर्जावर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज साधारण २०. बारीक मासळीतली निम्मी निसटली तर ४० गेले. एकूण ६७. हे भरून काढायला ४०० च्या डिझेलमध्ये जवळजवळ १७ टक्के बचत व्हायला हवी. ठेवीवर सहाएक मिळतील ते वजा केले तरी गरज १५ च्या वरच राहते. थोडक्यात, विक्रेत्याचा आकडा अक्षरशः खरा ठरला तरी पहिल्या वर्षी हा व्यवहार बसत नाही. आणि विक्रेत्यांचे आकडे शांत समुद्रातले, नव्या जाळ्याचे आणि ठरावीक वेगाचे असतात.

वेगावरून एक आठवलं. पाण्यातली ओढ साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढते. वेग १० टक्के वाढला की ओढ सुमारे २१ टक्के. काही खेपा थोड्या कमी वेगाने ओढून डिझेल आणि मासळी दोन्ही मोजा. या प्रयोगाला काहीच खर्च नाही, आणि कोणताही विक्रेता तो सुचवणार नाही.

भागीदाराचं म्हणणं मला निम्मं पटतं. पिल्लं सोडली की पुढे ती मोठी होऊन मिळतील, असं सगळे सांगतात. साठ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण सोडलेलं पिल्लू ही तुमच्या नावावरची मुदत ठेव नाही. ते शेजारच्या बोटीच्या जाळ्यातही जाईल. म्हणून भविष्यातल्या मोठ्या मासळीचा एक पैसाही हप्त्याच्या गणितात धरू नका. बंदरातल्या सगळ्या बोटींनी एकत्र आस बदलली, किंवा नियमानेच ती बंधनकारक झाली, तर हिशेब बदलेल. ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही.

भागीदार विसरतो ते असं : पिशवीत कचरा आणि पिल्लं कमी आली की निवडीचा वेळ वाचतो, चांगली मासळी कमी चेपते, भाव सुधारू शकतो. म्हणजे ४० चा तोटा प्रत्यक्षात २५ वरही येईल, किंवा येणार नाही. तुमची मासळी चपटी असेल तर चित्र आणखी वेगळं. चौकोनी आस गोल अंगाच्या माशांना सोडते. चपट्या माशांना हिऱ्याच्या आकाराच्या आसेतून निसटणं सोपं जातं.

म्हणून माझा सल्ला : आत्ता फक्त चौकोनी आसेची पिशवी घ्या. तुमच्याच यादीत ती १२ ची आहे. जुन्या अंगाला डागडुजी करून हा हंगाम काढा. एक खेप जुन्या पिशवीने, एक नव्या, असं आलटून पालटून ओढा आणि प्रत्येक खेपेची विक्री वेगळी लिहा. संशोधक पिशवीवर बारीक आसेचं आवरण चढवून निसटलेली मासळी मोजतात. ती पद्धत अचूक असते, पण बारीक आसेला बंदी असू शकते, तेव्हा मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय करू नका. हंगामाअखेर तो ४० चा अंदाज उरणार नाही, तुमचा स्वतःचा आकडा हाती असेल. मग अंग बदला, साठवलेल्या १०० मधून. कर्ज फक्त वरच्या ७० चं. तेव्हा व्याज ८ च्या आसपास, आणि ४० चा तोटा कायम धरला तरी गरज १४ टक्क्यांच्या बचतीची. तोटा २५ निघाला तर १० टक्क्यांची. शिक्षणाची ठेव हंगामाच्या नफ्यातून वेगळी सुरू करा. जाळ्याचे पैसे तिकडे वळवून जाळं कर्जावर घेणं म्हणजे सहा टक्के मिळवण्यासाठी बारा टक्के देणं.

प्लास्टिकचा मुद्दाही पैशांचाच आहे. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यात दरवर्षी ५.७ टक्के जाळी समुद्रात हरवतात असा अंदाज निघाला. २०२२ च्या अभ्यासात सर्व साधनांसाठी तो २ टक्क्यांच्या जवळ आला. तळाला अडकलेल्या १७० च्या जाळ्याचा हप्ता मात्र पुढेही चालूच राहतो. बोटीच्या विम्यात जाळी धरलेली आहेत असं गृहीत धरू नका, पॉलिसी वाचा. हरवलेलं नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते बुडतं आणि तिथे मासे अडकवत राहतं. पॉलिइथिलीन हलकं, ते तरंगत दूर जातं. तुमचं बारीक मजबूत सूत बहुधा याच दुसऱ्या कुळातलं आहे. धागा बारीक म्हणून प्लास्टिक वजनाने कमी, हे खरं. पण ते लवकर तुटत नाही, म्हणून हरवल्यावर टिकतंही जास्त. पिशवीखाली घासू नये म्हणून बांधतात त्या दोऱ्यांच्या झुलीही झिजून पाण्यात जातात. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर त्यांचे तुकडे नेहमी सापडतात. नवी पिशवी घेताना ती झूल शक्य तितकी कमी ठेवायला सांगा. जाळं विणताना कापलेले तुकडे पोत्यात भरून किनाऱ्यावर आणा; सिंथेटिक जाळी समुद्रात टाकायला मार्पोल या जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने बंदीच आहे. नायलॉन वेगळं आणि स्वच्छ ठेवलं तर पुनर्वापरवाले घेतात, दोर आणि शिसं मिसळलेलं सहसा नाही.

भावाला सांगा, विरघळणारं गिलनेट इतक्यात नको. नॉर्वेत कॉड या थंड पाण्यातल्या माशावर झालेल्या चाचण्यांत अशा जाळ्यांनी नायलॉनपेक्षा कमी मासळी पकडली, आणि वापरासोबत धाग्याची ताकदही घटत गेली. अनुदान कोणी जवळजवळ पूर्ण देत असेल तर एखाददुसरा तुकडा लावून पाहावा. त्याने खरं तर जाळ्यांवर खुणा आणि बोयांवर नंबर घालण्यात पैसे घालावेत. गिलनेट पाण्यात सोडून परत जावं लागतं, त्यामुळे शोधताना न सापडणं हा त्याचा खरा खर्च आहे.

बँकेत जाल तेव्हा ७० साठी हप्ते हंगामी मागा : बंदीच्या महिन्यांत फक्त व्याज, बाकीच्या महिन्यांत मुद्दल. आणि विक्रेत्याकडून १५ टक्क्यांचा दावा कोणत्या वेगावर, कोणत्या इंजिनावर मोजला ते लेखी घ्या.