आंबा आंबट निघाला, दूध आंबट झालं

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमात. तिने निबंधात लिहिलं, 'आय रिअलाइज्ड फ्रॉम माय आंट दॅट ग्रँडमदर हॅज फॉलन इल.' म्हणजे, आजी आजारी पडल्याचं मला मावशीकडून कळलं. शिक्षिकेने 'रिअलाइज्ड'खाली लाल रेघ ओढली आणि 'हॅज'चं 'हॅड' केलं. ताई म्हणतात, कळणं म्हणजेच 'रिअलाइज' ना, मग चुकलं कुठे? जाताजाता त्यांनी हेही विचारलंय की 'टर्न' आणि 'टर्न आउट' यांत फरक काय. प्रश्न दोन दिसतात, पण मूळ एकच आहे. म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

पेटीतला आंबा घ्या. रंग सुरेख, देठाशी वास घमघमतोय. कापला, फोड तोंडात टाकली आणि दात आंबले. आपण म्हणतो, 'आंबट निघाला.' 'आंबट झाला' म्हणत नाही, कारण तो पेटीत होता तेव्हाही आंबटच होता. आंब्यात काही बदललं नाही, आपल्याला ते आत्ता कळलं एवढंच. रात्री ओट्यावर राहिलेल्या दुधाचं तसं नाही. ते रात्री गोड होतं, सकाळी आंबट झालं. तिथे दूधच बदललं.

हा भेद मराठी 'होणे' आणि 'निघणे' अशा दोन क्रियापदांनी दाखवते. इंग्रजी तोच भेद एका छोट्याशा 'आउट'वर तोलून धरते. 'द मिल्क टर्न्ड सावर', पण 'द मँगो टर्न्ड आउट टु बी सावर'. माणसांच्या बाबतीत तर हा 'आउट' फारच जपावा लागतो. 'ही टर्न्ड ट्रेटर' म्हणजे तो फितूर झाला. कालपर्यंत आपला होता. 'ही टर्न्ड आउट टु बी अ ट्रेटर' म्हणजे तो फितूर निघाला. पहिल्यापासून तसाच होता, आपल्याला उशिरा उमगलं. शेजारी 'ठरणे' आहे, त्याला इंग्रजीत 'प्रूव्ह' चांगलं चालतं. अंदाज खोटा ठरला, 'प्रूव्ह्ड राँग'.

तर वाक्य लिहिण्याआधी मनाशी विचारावं, वस्तू बदलली की आपली समजूत बदलली?

वस्तू बदलली असेल तर पुढचा पेच म्हणजे क्रियापद कोणतं. आपल्याकडे 'होणे' जवळजवळ सगळा भार उचलतं. डॉक्टर झाला, म्हातारा झाला, लाल झाला, चाळीस वर्षांचा झाला. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला आपापली ठरलेली सोबत आहे. डॉक्टर 'बिकम' होतो. तिथे 'गॉट अ डॉक्टर' लिहिलं तर कुणीतरी डॉक्टरला बोलावून आणलं असा अर्थ होईल. म्हातारपण हळूहळू येतं म्हणून 'ग्रो ओल्ड'. रंग आणि वय यांना 'टर्न', म्हणून पानं पिवळी होतात तीही 'टर्न' आणि माणूस चाळिशीचा होतो तोही 'टर्न'. बोलण्यात 'गेट' सर्वात जास्त, गेट अँग्री, गेट टायर्ड, गेट वेट.

मला सगळ्यात आवडते ती 'गो' आणि 'कम'ची जोडी. बिघाड बहुधा 'गो'कडे जातो: अन्न 'गो बॅड', माणूस 'गो मॅड', 'गो ब्लाइंड', धंदा 'गो बँक्रप्ट'. स्वप्न खरं होतं ते मात्र 'कम ट्रू', निर्जीव चित्रात प्राण येतो तो 'कम अलाइव्ह'. नियम पक्का नाही, कारण स्क्रू ढिला होतो तोही 'कम लूज'. पण कल स्पष्ट आहे, आणि तो आपल्याला परका नाही. आपलंही बघा. तोल जातो, तडा जातो, अन्न वाया जातं. उलट जाग येते, रंगत येते, भान येतं. बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो, आणि इंग्रजीतही 'शी केम राउंड' असंच म्हणतात. 'पडणे'चंही तसंच. आपण आजारी पडतो, तेही 'फॉल इल'. गाव ओस पडतं, चेहरा फिका पडतो. त्यांच्याकडे माणूस 'फॉल सायलेंट', 'फॉल अस्लीप'. मुलीने 'फॉलन इल' अगदी बरोबर लिहिलं होतं, हे तिला आवर्जून सांगा.

एका ठिकाणी मात्र आपली मुलं हमखास अडखळतात. 'बाळ झोपलंय' याचं 'द बेबी हॅज स्लेप्ट' करतात. आपली रीत अशी की बदल पुरा झाला हे सांगायचं आणि त्यातून सध्याची स्थिती समजून घ्यायची. झोपलंय, म्हणजे आत्ता झोपेत आहे. दमलोय, बसलोय, भूक लागलीय, सगळं याच साच्यातलं. इंग्रजीत स्थितीला स्वतंत्र शब्द असतो, 'अस्लीप', 'टायर्ड', 'हंग्री', आणि त्याआधी 'इज'. 'हॅज स्लेप्ट' ऐकणाऱ्याला बाळाची झोप होऊन गेली असं वाटतं आणि तो मोठ्याने बोलायला लागतो.

आता 'कळलं'. मराठीत याची दोन घरं आहेत. एक बाहेरून येणारं: कुणी सांगितलं, फोन आला, पेपरात वाचलं. दुसरं आतून उमलणारं: गोष्ट समोरच होती, पण अर्थ आत्ता उमगला. पहिल्याला इंग्रजीत 'हर्ड', 'लर्न्ड', किंवा स्वतः शोधून काढलं असेल तर 'फाउंड आउट'. दुसऱ्यालाच 'रिअलाइज्ड'. मावशीने बातमी दिली म्हणजे कळणं बाहेरून आलं. 'फ्रॉम माय आंट' आणि 'रिअलाइज्ड' हे दोघं म्हणून एका वाक्यात नांदत नाहीत. 'कळलं'ला 'न्यू' लावणंही टाळावं. 'आय न्यू' म्हणजे मला माहीत होतं, आधीपासून. तिथे कळण्याचा क्षणच नाही.

या दुसऱ्या कळण्याबद्दल थोडं रेंगाळतो, कारण इथे इंग्रजीचं जुनं रूप दिसतं. 'आय रिअलाइज्ड'मध्ये 'मी' कर्ता आहे, जणू मी काही काम केलं. आपल्याकडे 'मला कळलं', 'माझ्या लक्षात आलं', 'मला सुचलं'. कळणं येतं, मी ते झेलतो. इंग्रजीतही अशी वाक्यं आहेत: 'इट डॉन्ड ऑन मी', उजाडावं तसं हळूहळू लक्षात आलं, 'इट स्ट्रक मी', एकदम लख्ख जाणवलं, 'इट ऑकर्ड टु मी', मनात आलं. आणि मागे गेलं तर ती भाषा सर्रास असंच बोलायची. १६०० च्या आसपासच्या नाटकांत 'मीथिंक्स' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ 'मी विचार करतो' नव्हे, तर 'मला वाटतं'. जुन्या इंग्रजीत विचार करणं आणि वाटणं यांची दोन वेगळी क्रियापदं होती. पुढे त्यांची रूपं एकमेकांत मिसळली, आणि वाटण्याचं क्रियापद या एका शब्दात उरलं. त्यातला 'मी' म्हणजे चक्क आपला 'मला'. 'लाइक'ही पूर्वी 'आवडणे'सारखंच चालायचं, आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस 'ला' लावलेला. मग शतकं गेली, माणूस वाक्यात पुढे सरकला आणि कर्ता होऊन बसला.

राहिला 'हॅज'चा 'हॅड'. 'आजी आजारी पडलीय असं कळलं' यात आपण कळण्याच्या क्षणी जे खरं होतं ते तसंच ठेवतो, काळ बदलत नाही. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की आतलं वाक्य बहुधा त्याच्यामागे जातं. 'आय डिडन्ट नो यू हॅड अ ब्रदर' म्हणताना भाऊ धडधाकट जिवंत असतो. याचं मराठी 'तुला भाऊ होता हे मला माहीत नव्हतं' असं केलेलं मी एक अनुवाद तपासताना वाचलं आणि पुढची दोन पानं त्या भावाच्या मृत्यूचा उल्लेख शोधत बसलो. इकडून तिकडे जाताना 'आहे'चं 'हॅड' करावं, तिकडून इकडे येताना 'हॅड'चं पुन्हा 'आहे'.

म्हणून ताई, मुलीचं वाक्य असं होईल: 'आय हर्ड फ्रॉम माय आंट दॅट ग्रँडमदर हॅड फॉलन इल.' आणि 'रिअलाइज्ड' तिने टाकून देऊ नये. आजीला भेटायला गेल्यावर तिचा हात हातात घेतला, आणि ती किती वाळली आहे ते तेव्हा कुणी न सांगता कळलं, असं पुढे लिहायचं असेल, तर तिथे तो शब्द हवाच: 'आय रिअलाइज्ड हाउ थिन शी हॅड ग्रोन.'