पोपटाचं ‘नको’ आधी ऐका

प्रश्न : नवा कॉकटील (तुरा असलेला छोटा पोपट) आणलाय. पिंजऱ्यात हात घातला की कोपऱ्यात पळतो आणि फिसकारतो. हातावर कधी येईल?

उत्तर : आधी हात घालणं थांबवा. दाणापाणी बदलण्यापुरताच हात आत जाऊ दे, तोही सावकाश. एरवी पिंजऱ्याशेजारी बसा, हळू आवाजात बोला, वाचा. त्याचा तुरा बघत राहा. तुरा डोक्याला चिकटवून फिसकारतोय म्हणजे तो घाबरलाय, तेव्हा मागे सरका. तुरा सैल होऊन मागे कलला की गजांमधून राळ्याचं कणीस पुढे करा. ते निर्धास्त खायला लागला की एक काडी दाखवा. काडीला चोच लावली की लगेच राळ्याचे दाणे द्या. काडीमागे चालायला शिकलेला पक्षी पुढे हातापर्यंत आपणहून येतो. पाच मिनिटांचा सराव पुरे.

तो हाताजवळ आला की बोट त्याच्या पायांच्या वर, पोटाजवळ धरा. चढण्याआधी तो चोचीने बोट चाचपेल. हा चावा नव्हे, फांदी पक्की आहे की नाही हे तो तपासतोय. नेमक्या त्याच वेळी आपण हात झटकन मागे घेतो आणि हाताचा भरवसा नाही, हे त्याच्या मनात बसतं. तेव्हा हात स्थिर ठेवा.

प्रश्न : आमचा कन्युर जातीचा पोपट लाडात असतानाच अचानक चावतो. चोचीवर टिचकी मारावी का?

उत्तर : मुळीच नको. टिचकीने तो फक्त हाताला भिऊ लागेल. चाव्याआधी तो बजावत असतो : डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होतात, शेपटी पसरते, अंग ताठरतं. या खुणांचा मान राखला नाही, तर ‘नको’ म्हणायला त्याच्याकडे चावाच उरतो. चावलाच तर ओरडू नका, शांतपणे दांडीवर ठेवा. आणि कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान. पाठीवर किंवा पंखांखाली हात फिरवणं त्याला जोडीदाराची जवळीक वाटते. त्यातून तो उत्तेजित होतो आणि चिडतोही. झोपही बघा. त्याला दहा ते बारा तास शांत अंधार हवा.

प्रश्न : मी खोलीबाहेर गेले की किंचाळतो.

उत्तर : थव्यातले पक्षी एकमेकांना हाक मारतात, तशीच ही हाक आहे. तुम्ही ठरावीक शीळ घालून बाहेरूनच ओ द्या. तो शीळ घालू लागला की कौतुक करा, किंचाळला तर धावत जाऊ नका.

प्रश्न : बोलायला कसं शिकवू?

उत्तर : नुसतं रेकॉर्डिंग लावून ठेवू नका. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये घेतलेल्या ॲलेक्स या आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटासमोर दोन माणसं एखाद्या वस्तूबद्दल बोलत. बरोबर नाव घेणाऱ्याला ती वस्तूच मिळे. २००७ मध्ये मरेपर्यंत तो शंभराहून अधिक शब्द शिकला होता. घरातही शब्द प्रसंगाशी जोडा. पाणी देताना ‘पाणी’ म्हणा. पण काही पोपट कधीच बोलत नाहीत. त्यामुळे त्यांची माया कमी असते, असं अजिबात नाही.

प्रश्न : छातीची पिसं उपटतोय. कंटाळा आला असेल का?

उत्तर : असेलही, पण त्वचेचा किंवा पोटातला आजारही असू शकतो. आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर तेल किंवा मलम लावू नका. पिसं ओशट झाली की ऊब धरत नाहीत.