बंड्याच्या पाठीला सुया टोचायच्या का, आणि टोचायच्या तर कुठल्या पैशातून?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. घरात 6 वर्षांचा डॅशहुंड, नाव बंड्या. 10 दिवसांपूर्वी सोफ्यावरून उडी मारली, केकाटला, आणि दुसऱ्या दिवसापासून मागचे पाय लटपटायला लागले, आता तर फरशीवर घासतच पुढे सरकतो. डॉक्टरांनी एक्सरे काढला, गोळ्या आणि पिंजऱ्यात आराम सांगितला, स्लिप डिस्क वाटतेय, मुंबईला नेऊन एमआरआय करा आणि लागलं तर ऑपरेशन, अंदाजे 1 लाख 10 हजार खर्च येईल असं सांगितलं. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर आणि चायनीज जडीबुटीचं पॅकेज सुचवलं. 1,500 चं एक अशी 24 सेशन, वर 7,500 ची औषधं दर महिन्याला, 3 महिने. एकूण 58,500, पण आधीच भरले तर 50,000. मिस्टर म्हणतात ऑपरेशन नको, हे स्वस्तात होतंय. ताई विचारतात, एफडी मोडू की क्रेडिट कार्डावर ईएमआय करू?

ताई, दोन्ही नको.

आता सविस्तर. मी जनावरांचा डॉक्टर नाही, पण हा पैशाचा प्रश्न आजार समजून घेतल्याशिवाय सुटत नाही म्हणून आधी तेच. डॅशहुंडची पाठ लांब, पाय आखूड, आणि त्या जातीत मणक्यांमधली चकती लवकर कडक होऊन फुटते, मग ती मज्जारज्जूवर दाबते. एक्सरेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, म्हणून एमआरआय. तुमच्या डॉक्टरांनी चिमट्याने मागच्या पायाचं बोट जोरात दाबून बघितलं असेल आणि तेव्हा बंड्याने मागे वळून बघितलं किंवा ओरडला असेल, त्याला ते डीप पेन म्हणतात. नुसता पाय आखडून घेतला तर ते धरायचं नाही, ते आपोआप होतं. तुम्ही लिहिलंय की डीप पेन आहे आणि लघवी तो स्वतः करतो. ही फार मोठी गोष्ट आहे हो, कारण डीप पेन असताना ऑपरेशन झालं तर शंभरातले नव्वदच्या आसपास कुत्रे पुन्हा चालतात, आणि ते एकदा गेलं की हाच आकडा पन्नास-साठवर येतो आणि तेव्हा तासांचा हिशेब चालू होतो.

म्हणजे तुमच्याकडे सध्या जी सगळ्यात महाग वस्तू आहे ती वेळ आहे, आणि पॅकेज 3 महिन्यांचं आहे. मिस्टरांना हेच सांगा. 50 हजार भरून 3 महिने थांबलात, फरक पडला नाही आणि मग ऑपरेशनला गेलात तर 50 अधिक 1 लाख 10, आणि तेही कमी चान्सवर. हे स्वस्त कुठे झालं?

याचा अर्थ अ‍ॅक्युपंक्चर थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये. ब्राझीलमधल्या 50 कुत्र्यांवरचा एक अभ्यास 2007 साली छापून आला, हाच आजार, सुयांना बारीक करंट जोडून केलेलं अ‍ॅक्युपंक्चर, आणि ज्यांना नेहमीच्या औषधांबरोबर ते मिळालं ते लवकर उठून चालायला लागले. अभ्यास छोटा आहे पण आहे. त्यातला 'नेहमीच्या औषधांबरोबर' हा भाग पॅकेज विकणारे गिळून टाकतात. शिवाय सौम्य केस असेल तर नुसत्या 4 ते 6 आठवड्यांच्या पिंजऱ्यातल्या आरामानेही बरेच कुत्रे सुधारतात, आणि त्याच दिवसांत सुया चालू असल्या की श्रेय सगळं सुयांना जातं. ग्रुपवरचे व्हिडिओ बघताना हे डोक्यात ठेवा, कुणा काकूंचा पग चालायला लागला म्हणून बंड्या लागेलच असं नाही.

जडीबुटीचं मात्र मला अजिबात पटलेलं नाही. 22,500 रुपये कशाचे? डबीवर घटक लिहिलेत का ते आधी बघा. चायनीज औषधांत लकव्यासाठी 'मा चिएन त्झु' नावाचं बी वापरतात, ते म्हणजे आपला कुचला. ज्यात स्ट्रिकनीन असतं तोच. आयुर्वेदातही तो शुद्ध केल्याशिवाय देत नाहीत आणि कुत्र्याला त्याचा जरा जास्त डोस झाला तर झटके येऊन जीव जातो. बंड्याच्या पुड्यांत तो आहे असं माझं म्हणणं नाही, पण बाहेरून मागवलेल्या, बिल नसलेल्या, लेबल फक्त चिनीत असलेल्या पुड्या स्टिरॉइडच्या गोळ्यांबरोबर पोटात जाणार असतील तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना डबी दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. (आणि हेच कुणी त्र्यंबक रोडला आयुर्वेदिक म्हणून 700 ला विकलं असतं तर आपण दहा प्रश्न विचारले असते, चायनीज म्हटलं की गप्प बसतो.)

मग सुया घ्यायच्याच असतील तर एकेक सेशनचे पैसे द्या. साधारण 4-6 सेशनमध्ये काहीतरी फरक दिसायला हवा, शेपूट हलवणं, उभं राहायचा प्रयत्न, पंजा उलटा पडला तर सरळ करणं. काहीच नाही तर थांबायचं. म्हणजे तुमची जोखीम 9,000, पन्नास नाही. आगाऊ भरल्यावर 8,500 ची सूट मिळते हे खरं, पण त्या बदल्यात थांबायचा हक्क विकताय तुम्ही, आणि अशा आजारात तो हक्कच कामाचा असतो. अजून एक, सुया लावणारी व्यक्ती पशुवैद्यक आहे का, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. माणसांचं अ‍ॅक्युपंक्चर शिकलेले लोक कुत्र्यांनाही करून देतो म्हणतात, तिथे जाऊ नका.

आता पैसे. तुम्ही दिलेले आकडे: दोघांचे मिळून हातात 78,000, घराचा हप्ता 24,000, घरखर्च 38,000, एसआयपी 8,000, उरतात 8,000. एफडी 2 लाख 40 हजारांची, 7 टक्क्यांनी, अजून 14 महिने बाकी. मिस्टर अंबडला कॉन्ट्रॅक्टवर, मार्चमध्ये रिन्यूअल. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला.

ही एफडी म्हणजे तुमचा इमर्जन्सी फंड आहे, खर्च आणि हप्ता धरून चार महिनेसुद्धा पुरत नाही, आणि घरात एक नोकरी कॉन्ट्रॅक्टची. म्हणून मोडायची नाही. मोडली तर जेवढे दिवस झाले तेवढ्या मुदतीचा दर लागतो आणि वर अर्धा-एक टक्का दंड. त्याऐवजी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ओडी, म्हणजे एफडी तशीच ठेवून तिच्यावर उचललेलं कर्ज) घ्या, बँका 90 टक्क्यांपर्यंत देतात, तुमचे 2 लाख 16 हजार होतात, व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा 1 टक्का जास्त, म्हणजे 8 धरा, आणि तेही वापराल तेवढ्यावरच. कार्डाचा ईएमआय चुकला आणि बाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्के, 50 हजारांवर एका महिन्याचेच 1,750. ओडीवर तेवढेच पैसे 6 महिने वापरले तरी 2,000. मंगळसूत्र, बांगड्या यांच्याकडे तर बघूच नका.

माझा आकडा 1 लाख 20 हजार, त्याच्या वर एक रुपयाही नाही, आणि हा आकडा आज दोघांनी बसून वहीत लिहायचा, कारण हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसल्यावर कुणी नाही म्हणू शकत नाही. एसआयपी थोडे महिने पॉज करा, उरणारे 8 त्यात मिळवा, 16 हजारांनी 8 महिन्यांत फिटतात, व्याज तीन-साडेतीन हजार. मार्चमध्ये मिस्टरांचं काही खालीवर झालंच तर ओडीची उरलेली लिमिट आहे, कमी आहे पण आहे.

हा पैसा आधी कुठे जायला हवा? परळला. बैलघोडा हॉस्पिटल आणि बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज एकाच आवारात आहेत, हॉस्पिटल 1883 पासूनचं, धर्मादाय. तिथे फोन करून केस सांगा, एमआरआय कुठे होतो आणि ऑपरेशनचा खर्च किती ते विचारा, प्रायव्हेटच्या कोटेशनपेक्षा फरक पडू शकतो. पण एक सांगतो, ऑपरेशन कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही असं तुमचं दोघांचं ठरलंच असेल तर एमआरआयचे 25 हजारही घालू नका, रिपोर्ट बघून तुम्ही वेगळं काही करणार नसाल तर तो कागद नुसता फाईलमध्ये जाईल. मग आराम, गोळ्या, 6 सेशन सुया आणि डॉक्टर शिकवतील तो पायांचा व्यायाम, एवढंच, सगळं मिळून 15-20 हजारांत बसवा. नेणार असाल तर इगतपुरीहून समृद्धी धरा, जुन्या कसारा घाटात त्या पाठीला झटके नकोत, आणि बंड्या पिंजऱ्यात टॉवेलच्या गुंडाळ्यांमध्ये घट्ट बसवून न्या.

पेट इन्शुरन्स आता काढून या आजाराचा क्लेम मिळणार नाही, आधीपासूनचा आजार धरतील. 80डी च्या टॅक्स सवलतीतही कुत्रा बसत नाही, सीएला विचारायची तसदी घेऊ नका.

घरी आजच दोन कामं करा. फरशीवर योगा मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरा, गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय अजून फाकतात. आणि रोज सकाळ-संध्याकाळ लघवी स्वतः होतेय का आणि बोट दाबल्यावर वळून बघतो का ते बघा. यातलं एक जरी बंद झालं तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून त्याच रात्री गाडी काढायची, म्हणून ओडीचं काम उद्याच उरकून घ्या, एफडीची पावती, आधार आणि पॅन घेऊन बँकेत जा, आणि एफडी दोघांच्या नावावर असेल तर मिस्टरांनाही सोबत न्या, सही लागेल.