जँगोमध्ये क्रम लावताना एकच सभासद पुन्हा पुन्हा का दिसतो

तुमची अडचण मला समजली ती अशी: जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये वाचनालयाच्या सभासदांची यादी 'शेवटचं पुस्तक कधी नेलं' या क्रमाने हवी आहे. क्रम ठरवणाऱ्या ऑर्डर बायमध्ये देवघेवीच्या टेबलातली तारीख दिलीत, तर एकेक सभासद चार-चारदा दिसू लागला. सारख्या ओळी गाळणारं डिस्टिंक्ट लावूनही फरक नाही.

नातं कुठल्या दिशेने आहे ते आधी बघा. देवघेवीच्या नोंदी सभासदाच्या नावाने लावायच्या असत्या तर काम सोपं होतं: सभासद, डबल अंडरस्कोर, नाव. नोंदीला सभासद एकच, त्यामुळे दोन टेबलांचा जॉइन (जोड) होऊनही ओळी वाढत नाहीत. तुम्ही उलट्या बाजूने निघालात. एका सभासदाच्या देवघेवी अनेक, आणि त्यांतली कुठली तारीख धरायची हे क्वेरीत कुठेच नाही. म्हणून प्रत्येक देवघेवीची वेगळी ओळ येते. डिस्टिंक्ट इथे हतबल आहे, कारण क्रमासाठी दिलेली तारीख जँगो सिलेक्टमध्येही, म्हणजे निवडलेल्या रकान्यांतही, घालतो. तारखा वेगळ्या, म्हणून ओळीही वेगळ्या. क्वेरीसेटची डॉट क्वेरी, म्हणजे जँगोने बनवलेलं एसक्यूएल, प्रिंट करून बघाच, सगळं लख्ख दिसेल.

तेव्हा प्रत्येक सभासदाला हिशेबाने काढलेला रकाना जोडणाऱ्या अ‍ॅनोटेटमध्ये तारखेचा मॅक्स (सर्वांत अलीकडची तारीख) काढा, त्याला 'शेवटची_तारीख' असं नाव द्या आणि त्यावर उतरता क्रम लावा. ग्रुप बाय, म्हणजे सभासदागणिक गट पाडणं, जँगो स्वतःच करतो.

आता नल (रिकामी किंमत), कारण खरा त्रास इथे होतो. ज्यांनी एकही पुस्तक नेलं नाही, त्यांची तारीख नल येते. डेटाबेसांपैकी उतरत्या क्रमात पोस्टग्रेस नल सर्वांत वर ठेवतो, एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल सर्वांत खाली. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस असेल, तर घरी नीट दिसलेली यादी तिथे कधीच न फिरकलेल्या सभासदांपासून सुरू होते. म्हणून नुसतं वजाचं चिन्ह नको. रकान्याचा उल्लेख करणाऱ्या एफ एक्स्प्रेशनवर डेस्क (desc, उतरता क्रम) वापरून नल्स लास्ट ट्रू द्या, म्हणजे नल शेवटी जातील. जँगो १.११ पासून ही सोय आहे.

क्रमात त्या तारखेमागे सभासदाचा आयडीही लावा. एकाच तारखेचे सभासद असले की त्यांचा आपापसातला क्रम ठरलेला नसतो, आणि पहिल्या पानावरचा माणूस दुसऱ्या पानावर पुन्हा भेटतो.

सगळं पायथनच्या सॉर्टेडने लावायचा मोह मात्र टाळा. एका पानासाठी अख्खं टेबल मेमरीत ओढलं जाईल.

तारखेबरोबर त्या पुस्तकाचं नावही दाखवायचं असेल, तर मॅक्स पुरणार नाही. तिथे आउटररेफ (बाहेरच्या ओळीतल्या सभासदाकडे बोट दाखवणारा) घेऊन सबक्वेरी, म्हणजे क्वेरीतली क्वेरी, लिहा, आतल्या देवघेवी उतरत्या तारखेने लावा आणि पहिलीच उचला.